टीचं बटण

“पयलं अक्षर तुयं. दाब माय, चावत नाई ते!”

सौंसरच्या तहसिलीबाहेर, कडुनिंबाखाली, टाइपवाला भाऊ हे दिवसातून दहादा तरी म्हणायचा. समोर रामाकोना गावची एखादी म्हातारी पदराला बोट पुसत उभी असायची. इंग्रजी अर्ज ‘टू’पासून सुरू होणार, म्हणून भाऊ टीचं बटण दाखवायचा. खट्! म्हातारी दचकायची, मग हसायची. उरलेला अर्ज भाऊ टाइप करायचा. ज्याचा अर्ज, त्याने पहिलं अक्षर दाबल्याशिवाय भाऊने कुणाचाही अर्ज केला नाही. मी तिथलाच कारकून, पण मलाही सूट नव्हती.

मशीन जर्मन, जुनंपुराणं. भाऊचे वडील मँगनीजच्या खाणीवर शिपाई होते. सगळी नोकरी त्यांनी तिथल्या कचेरीतलं ते मशीन उचललं, पुसलं. पण बटणाला हात लावायचा नाही. एकदा बोट लागलं, तर तिथल्या बाबूने दुसऱ्या माणसाकडून मशीन पुन्हा पुसून घेतलं. खाण बंद पडली तेव्हा वडिलांनी ते भंगारातून डोक्यावर घरी आणलं.

“माह्या बापाले नाई दाबू देल्लं,” भाऊचा आवाज चढायचा, “आता साऱ्या गावानं दाबावं.”

डोक्यावर दोन टिंबं असलेली तीन अक्षरंही त्यावर होती. त्यांना कधीच काम नसे. भाऊ म्हणायचा, “हे जर्मन पावने. नुसते बसून राहिले.”

पुढे अर्ज ऑनलाइन झाले आणि भाऊचे हात कापू लागले. मशीन धूळ खात पडू नये, म्हणून मीच शहाणपणा केला. त्याचा फोटो फोनवरून विक्रीला टाकला. नागपूरहून जुन्या यंत्रांचे एक संग्राहक गाडी घेऊन आले.

भाऊने एवढंच विचारलं, “चालवसान ना? घरी येईन त्याले पयलं अक्षर दाबू देसान?”

“अगदी रोज,” ते म्हणाले.

भाऊने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तेव्हा कुठे त्याने मशीन गाडीत ठेवू दिलं.

वर्षभराने मी त्या संग्राहकांच्या घरी गेलो. तुमच्यापैकी कुणाला जुनी यंत्रं जमवायचा नाद असेल, तर आधीच सांगतो, पुढचं वाचणं जड जाईल. काचेच्या कपाटात मशीनचा सांगाडा होता. बटणं पक्कडीने कापून त्यांच्या अंगठ्या आणि किचेन केलेल्या. एक किचेन त्यांनी कौतुकाने माझ्या हातात ठेवली. टिंबवाला यू, कोरा करकरीत.

“टी कुठे आहे?” मी विचारलं.

“तो पार झिजला होता हो. अक्षरच दिसेना. फेकला.”

माझं डोकं भडकलं. अर्ध्या तालुक्याची बोटं लागलेलं बटण या माणसाने कचऱ्यात टाकलं होतं! किचेन त्यांच्या टेबलावर आपटली आणि चहा न घेता निघालो.

गावी आलो तेव्हा भाऊ खाटेला लागला होता.

“चालून राहिली ना मशीन?”

“हो.”

“पयलं अक्षर?”

“सारे दाबतात, भाऊ.”

तो समाधानाने हसला. चादरीवर त्याचं बोट एकदा दबलं. महिन्याभरात तो गेला.

कडुनिंबाखाली आता मोटारसायकली उभ्या असतात. त्या संग्राहकावरचा माझा राग अजून जात नाही. पण भाऊने त्याच्यावर विश्वास टाकलाच नव्हता. टाकला होता तो माझ्यावर.