डावीकडं ओढणारी बंदूक

जयपुरात बंदुकांच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा चपला बाहेर काढायच्या का, तेच मला कळेना. पांढरीशुभ्र फरशी, काचेची कपाटं, आत दिवे. मी पायरीशी घुटमळत राहिले. मुलगी मागून म्हणाली, "मम्मी, चल ना, मंदिर नाहीये." तेव्हा कुठं मी आत पाय टाकला.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची. विद्याधर नगरात तिच्या शाळेजवळ नेमबाजीची रेंज आहे, तिथं शिकायला जायची. तिथल्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. तिचा हात चांगला आहे म्हणून रेंजवरचीच एक रायफल त्यांनी तिला इतके दिवस वापरू दिली होती. पण आता नवी मुलं यायची होती. सर म्हणाले, "अब बिटिया को अपनी चाहिए." म्हणजे स्वतःची घेतली तर पुढं शिकणं, नाहीतर तिथंच थांबणं. त्यांनी रागानं नाही सांगितलं, पण मला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं.

घरी यांना सांगितलं. हे जुन्या शहरातल्या एका गल्लीत गलाईचं काम करतात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. आमच्या सांगलीकडच्या कितीतरी गावांतली माणसं हेच काम घेऊन देशभर पांगली आहेत. मी लग्न होऊन जयपूरला आले ती त्याच वाटेनं. हे म्हणाले, "तूच जाऊन बघ. बंदुकीतलं मला काय कळतंय? बंदूक तुमच्या घरात होती."

होती खरी. माझे वडील, अण्णा, जत्रांमधून फुगे फोडायचा खेळ मांडायचे. लाकडी फळीवर फुगे लावायचे आणि समोर छर्ऱ्याची बंदूक. नळीखाली लांब लिव्हर. ती खाली ओढली की आतली स्प्रिंग दाबली जायची, मग छर्रा घालायचा, लिव्हर मिटायची आणि चाप ओढायचा. माघापासून वैशाखापर्यंत आम्ही या गावच्या जत्रेतून त्या गावच्या जत्रेत. शाळेच्या परीक्षाही नेमक्या त्याच दिवसांत. सहावीत मी फुगे फुगवत राहिले आणि शाळा सुटली. कुणी सोडवली असं नाही, सुटली.

अण्णांची बंदूक डावीकडं ओढायची. नेम जिथं धरावा त्याच्या बोटभर डावीकडं छर्रा लागायचा. अण्णा हे कुणापासून लपवायचे नाहीत. येईल त्या गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगायचे, "पाव्हणं, डावीकडं ओढती बरं का. जरा उजवीकडं धरा."

गिऱ्हाईक हसायचं. "मामा, आमालाच गंडवताय व्हय?" म्हणायचं, आणि मुद्दाम सरळ नेम धरायचं. फुगा जागेवरच. मग इरेला पेटून पुन्हा पैसे काढायचं. आई एकदा म्हणाली, कशाला सांगत बसता? त्यावर अण्णा म्हणाले, "खरं बोलूनच धंदा हुतोय, तर खोटं कशाला बोलू?"

गर्दी व्हायच्या आधी आम्ही भावंडं चार चार छर्रे मारून घ्यायचो. उजवीकडं धरायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते हातातच उतरलं.

तर मी त्या दुकानात. दुकान सी-स्कीम नावाच्या श्रीमंत वस्तीच्या कडेला होतं. मालक वयस्कर, चष्मा कपाळावर. मी आधीच सांगून टाकलं, आम्हाला फार महाग जमणार नाही. त्यांनी "कोई बात नहीं बहनजी" म्हणत खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी उगाचच दोनदा धन्यवाद म्हटलं. भिंतीवर एक जुनी विलायती रायफल टांगलेली होती, तिलाही खाली लिव्हर. मुलीनं विचारलं तर ते म्हणाले, ती गोळीची, परवान्याची, तुमच्या कामाची नाही. तुम्हाला हवी ती हवेच्या दाबाची, हिला परवाना लागत नाही. आणि काचेवर दोन बंदुका आडव्या ठेवल्या. दोन्ही बाहेरून आलेल्या, दोन्ही खालच्या लिव्हरच्या. एक चिनी, एक तुर्की.

चिनी स्वस्त होती. तुर्की काही फार उंची माल नव्हता, पण दोघींच्या किमतीत जो फरक होता तो मला ऐकताक्षणी ओळखू आला. तो होता आमचं तिघांचं गावाला जाणं-येणं. आमच्या गावची जत्रा चैत्रात, आणि दोन चैत्र हुकले होते. यंदा नक्की, असं मी अण्णांना सांगून बसले होते. त्यांना आता कमी दिसतं. खेळ कधीच मोडला, फळी भावानं जनावरांच्या गोठ्याला लावली. तरी जत्रा जवळ आली की फोनवर विचारायचे, "कवा निघताय?"

चिनी घेतली तर बंदूकही येत होती आणि चैत्रही येत होता.

म्हणून मी आधी चिनीलाच हात घातला. खोटं कशाला सांगू, ती चांगली निघावी असं मला वाटत होतं. वजनाला भक्कम. खांद्याला टेकवायच्या दस्त्याचं पॉलिश जरा तळहाताला लागलं, ते मी पदराला पुसलं. लिव्हर थोडी खडखडली. अण्णांची याहून खडखडायची, मी मनात म्हटलं. नळीला तेलाचा वास होता, आणि त्या वासानं मी क्षणभर सी-स्कीममध्ये राहिलेच नाही. जत्रेतलं पाल, उन्हात तापलेलं कापड, फुग्यांची रबरी चव ओठांवर. मुलीनं कोपरानं ढोसलं. "मम्मी, बघ ना नीट."

तुर्कीची लिव्हर मात्र गुपचूप मिटायची, पेटीला झाकण बसावं तशी. लाकूड खरं. थोडी हलकी, मुलीच्या खांद्याला बेताची. मी दोन्ही बाजू तोलत राहिले. चिनीचा दस्ता लांब, पण पोर वाढेल की. तुर्कीचा चाप मऊ, पण चापाची सवय काय, होते. मी वकिलासारखी चिनीची बाजू लढवत होते आणि समोर कुणीच नव्हतं.

मालक म्हणाले, "चला के देख लीजिए." दुकानामागं लांब बोळ होता, टोकाला कागदी निशाण. मुलगी म्हणाली, तू आधी. मी पदर खोचला. इतक्या वर्षांनी गालाला दस्ता लागला आणि हात आपोआप बसले.

चिनीचे सगळे छर्रे काळ्या गोलात.

मग तुर्की घेतली. सगळे गोलाच्या बाहेर.

मालकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "अरे बहनजी, आप तो छुपी रुस्तम निकलीं! जो हाथ को बैठे, वही लीजिए." त्यांना महागडी खपवायची नव्हती, हे मला तिथंच जाणवलं आणि फार बरं वाटलं. माझ्या डोक्यात तेवढ्यात बॅगा भरून झाल्या होत्या. आईला लहरियाची साडी, भावाच्या पोरांना मोजड्या. अण्णांना काय न्यावं ते सुचत नव्हतं.

"आता तू मार," मी मुलीला म्हटलं.

तिनं चिनी घेतली, सरांनी शिकवलं तशी पावलं टेकवली. छर्रे गेले ते सगळे डावीकडं, एकाशेजारी एक.

मालक म्हणाले, "बेटा, ट्रिगर झटक रही हो."

तिचे कान लाल झाले. पुन्हा सावकाश मारले. पुन्हा डावीकडं. तिनं बंदूक खाली केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मतलब, मीच चुकतेय. सर पण बोलतात कलाई ढिली आहे. तुझे तर सगळे बरोबर लागले ना. बंदूक ठीक आहे, मम्मी. हीच घेऊ. मी प्रॅक्टिस करेन."

त्या वेळी मला कळलं. आधी हाताला कळलं, मग मला. मी निशाणाकडं बघितलं. चिनीचे माझे छर्रे मध्यावर, तिचे डावीकडं. आणि तुर्कीचे माझे सगळे उजवीकडं, बोटभर. मी गोलात मारलंच नव्हतं. मी अण्णांच्या बंदुकीनं फुगे मारत होते.

त्या बोळात आम्ही तिघंच होतो आणि ही गोष्ट एकट्या मलाच ठाऊक होती. मी गप्प बसले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. पोर चिनी घेऊन घरी आली असती, आम्ही चैत्रात गावी गेलो असतो. तीही शिकली असती उजवीकडं धरायला, मी शिकले तशी. फक्त आपलं मनगट ढिलं आहे असं समजून शिकली असती. मला कुणी सांगितलं नव्हतं की तुझा हात वाकडा आहे, उलट अण्णा सगळ्यांना बंदुकीचाच दोष सांगायचे. तरी बोळाच्या भिंतीला हात टेकून मी उभी. खरंच सांगते, साडीचा रंगसुद्धा ठरला होता.

"भैया," मी म्हटलं, "बच्ची को दूसरी वाली दीजिए."

"अगं पण तुझे तर..."

"माझं सोड. तू मार."

तुर्कीचा पहिला छर्रा मध्यावर. दुसरा त्याच्या अंगाला अंग लावून. ती मारत गेली तशी तिची पाठ सरळ होत गेली, मी मागून बघत होते.

मग मी तिला सांगितलं. "तुझं मनगट चांगलं आहे. ती बंदूक डावीकडं ओढते आणि मी लहानपणापासून उजवीकडं धरते, म्हणून माझे लागले."

"सच्ची?" ती म्हणाली. मग निशाणाकडं बघून, "मतलब तुला सीधं मारताच येत नाही?" आणि जी हसत सुटली, की मालकांना काय झालं ते समजावून सांगावं लागलं.

मालकांना वाईट वाटलं. त्यांनी चिनीच्या माशीचा, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेचा, स्क्रू फिरवून नेम सरळ केला. थोडे छर्रे बरोबर गेले, पुढचे पुन्हा डावीकडं सरकले. स्क्रू धरतच नव्हता. "सस्ते माल में यही बात है," म्हणत त्यांनी ती बाजूला ठेवली आणि तुर्कीबरोबर छर्ऱ्यांचा एक डबा आपल्याकडून दिला. मी पुन्हा दोनदा धन्यवाद म्हटलं. या वेळी उगाच नव्हतं.

बसमध्ये मुलीनं खोका मांडीवर आडवा धरला होता आणि कंडक्टरला स्वतःहून सांगत होती आत काय आहे ते. मी खिडकीबाहेर बघत अण्णांना काय सांगायचं ते जुळवत होते. तब्येत सांगू, की यांच्या कामाचं सांगू. संध्याकाळी यांनी बंदूक हातात घेऊन बघितली, उलटी धरली, मुलीनं सुलटी करून दिली. मग मला हळूच म्हणाले, "आणि चैत्र?"

"पुढच्या वर्षी."

त्यांनी उठून चहा ठेवला. सोळा वर्षांत यांनी चहा ठेवला असे प्रसंग थोडे. आलं जास्त झालं होतं. मी सगळा प्याले.

अण्णांना फोन मी दुसऱ्या दिवशी गच्चीवरून केला. मुलगी पलीकडं वाळूनं भरलेल्या खोक्यावर कागद डकवत होती. जुळवलेलं सगळं विसरले आणि एकदम म्हटलं, "अण्णा, यंदा येणं हुईना. पोरीला बंदूक घेतली."

पलीकडं भावाचा टेंपो चालू झाल्याचं ऐकू आलं, कुणीतरी कुणाला तरी जत्रेच्या पाण्याच्या टाकीवरून शिव्या घालत होतं. मग अण्णा म्हणाले, "कसली?"

मी सांगितलं. कुठली, किती वजनाची, लाकूड कसं. ते एकेक विचारत गेले. का येत नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

"लिव्हर खालीच हाय न्हवं?"

"खालीच हाय."

"वडाय सांग तिला. ऐकू दे."

मी फोन बंदुकीजवळ धरला. मुलीनं लिव्हर ओढली.

"परत," अण्णा म्हणाले.

"आजोबा, आता छर्रा मारल्याशिवाय परत नाही ओढता येत," मुलगी ओरडली. "स्प्रिंग खराब होते, मालूम नाही का तुम्हाला?"

"आरं तिच्या! मला शिकवतीया," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज किती तरी दिवसांनी मोठा झाला. "मार मग. मार की, मी हाय हितंच."

ती मारू लागली. लिव्हर, छर्रा, खोक्यावर थाप. प्रत्येक थापेनंतर अण्णा विचारायचे, "कुठं लागला?" आणि ती सांगायची, थोडा वर, थोडा खाली, मध्ये. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याशी बोलणं सोडूनच दिलं. नाहरगडाच्या डोंगरावरून ऊन उतरलं, शेजारणीनं वाळलेले कपडे काढून नेले. मी पायरीवर बसून फोन त्या दोघांच्या मध्ये धरून होते. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.