फुटक्या पाट्यांची पेटी

माझ्या सासऱ्यांना दारफळणीच्या दिवशी घराबाहेर काढलं, आणि तेही धर्माचा आधार घेऊन. बाहेर काढल्याचा राग आहेच, पण त्या आधाराचा जास्त आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही आखातातल्या देऱ्यात, खाडीजवळ दोन खोल्यांत राहत होतो. नवरा शिपिंग ऑफिसात होता. आम्ही कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचो म्हणून गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणायचो आणि सासरे त्या मशिदीत हज्जान होते, म्हणजे प्रार्थना चालवणारे. सगळं तोंडपाठ. थोरल्या दिरांनी इस्राएल गाठलं, सासूबाई गेल्या, आणि मामंजी विसरायला लागले तेव्हा त्यांना आमच्याकडे आणलं.

वेडे नव्हते हो ते. जेवण झालं की नाही, समोरचा माणूस कोण, एवढं निसटायचं. पण मोशेच्या पाट्यांचा विषय काढला की आवाज पुन्हा हज्जानाचा व्हायचा. मी तांदूळ निवडत बसायची आणि ते सांगायचे. दहा आज्ञांच्या पहिल्या दगडी पाट्या देवाने स्वतः घडवल्या. लोक सोन्याचं वासरू पूजताना दिसले म्हणून मोशेने त्या फोडल्या. देव म्हणाला, फोडल्यास तू, आता दुसरे दगड तूच घड. रब्बी, म्हणजे आमचे शास्त्री, म्हणतात, पहिल्या पाट्या गडगडाटात, गाजावाजा करून दिल्या म्हणून त्यांना नजर लागली. दुसऱ्या गुपचूप दिल्या, म्हणून टिकल्या. दुसऱ्या मिळाल्या तो दिवस किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा.

"आणि फुटलेल्यांचं काय झालं?" हे ते मला विचारायचे आणि उत्तर मी द्यायचं. त्याही देवाशी केलेल्या कराराच्या पेटीत ठेवल्या, धड असलेल्यांच्या शेजारी. "म्हणून ज्याचं पाठांतर गेलं, त्या म्हाताऱ्याचाही मान राखायचा," असं ते म्हणायचे. आपण स्वतःबद्दल बोलतोय हे त्यांच्या गावीही नसायचं.

त्या किप्पूरलाच आमची जुनी माणसं दारफळणीचा सण म्हणतात. पांढरे कपडे घालायचे, उपास धरायचा, दारं लावून दिवसभर घरातच राहायचं. बाहेरच्याचा स्पर्शसुद्धा नको. त्या वर्षी नवऱ्याच्या ओळखीचे तिघे बेने इस्राएली आमच्याकडे प्रार्थनेला येणार होते. आदल्या दिवशी नवरा म्हणाला, "बाबांना उद्या आपाकडे ठेवू." आपा म्हणजे आमची शेजारीण, श्रीवर्धनकडची कोकणी मुसलमान, मनाने फार मऊ.

"का?"

"मधेच ओरडतात, भलतीच प्रार्थना सुरू करतात. लोकांसमोर एम्बॅरसिंग होतं. आणि हे आपलं गाव नाही, इथे आवाज नको. बाबाच सांगतात ना, दुसऱ्या पाट्या गुपचूप दिल्या म्हणून?"

"फुटक्या पाट्या त्याच पेटीत होत्या, हेही तेच सांगतात."

"काही रब्बी म्हणतात पेट्या दोन होत्या. फुटक्यांची वेगळी. वेगळी ठेवली म्हणजे टाकून दिली असं होत नाही. खलास. आता सीन करू नकोस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बापाने शिकवलेलं बापालाच अडगळीत टाकायला वापरायचं! सकाळी मी पांढरी साडी नेसून बाहेर आले तर मामंजींचं अंथरूण रिकामं. त्यांना शेजारी पोचवून झालं होतं, पाहुणे पुस्तकं उघडून बसले होते आणि दाराला कडी होती.

दुपारपर्यंत दम धरला. मग कडी काढून आपाकडे गेले. मामंजी पाटावर बसून तांदळाची भाकरी खात होते.

"आपा, आज उपास आहे ना आमचा!"

तिचा चेहरा उतरला. "मालूम हाय बाय. पण म्हाताऱ्याला, बीमाराला रोजा माफ असतो ना? त्यांनी भाकरी मागितली, मी दिली."

तिचं काय चुकलं? ती तिच्या घरच्या रीतीने वागली. आजारी माणसाने खाल्लं तर आमच्यातही पाप नाही. पण ज्याने जन्मभर हा उपास मोडला नाही, अख्ख्या गावाकडून पाळून घेतला, त्याच्या दाढीत भाकरीचे कण होते आणि तो समाधानाने चहा फुंकत होता. आज किप्पूर आहे हे त्याच्या कानाशी सांगायला घरचं एक माणूस जवळ नव्हतं. याची लाज आमची, आपाची नाही.

मी त्यांना हात धरून परत आणलं आणि दार वाजवलं. नवऱ्याने फटीतून पाहिलं. "आज दार उघडायचं नसतं," तो पुटपुटला.

"मग सकाळी कशाला उघडलंत?"

मी दार ढकललं आणि पाहुण्यांसमोर आवाज चढवला. "पेट्या दोन होत्या म्हणता ना? मग पुढचंही सांगा की यांना! फुटक्यांची पेटी लढाईला निघताना लोकांबरोबर निघायची. तुमच्याच वडिलांनी शिकवलंय हे. एक पेटी म्हणा नाही तर दोन म्हणा, शेजाऱ्याकडे ठेवली असं कुठलाच रब्बी म्हणत नाही."

मी मामंजींना सगळ्यांच्या पुढे, नवऱ्याच्या जागेवर बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी खड्या आवाजात वल्हांडणाची प्रार्थना सुरू केली. सण चुकीचा, शब्द अर्धे. पाहुण्यांतल्या वयस्क गृहस्थांनी आपलं पुस्तक मिटलं आणि ते ऐकत राहिले. नवरा मात्र दार धरून तिथेच उभा होता.

मधेच मामंजी थांबले. त्याच्याकडे निरखून बघत मला म्हणाले, "तो दाराशी कोण उभा आहे? कुणाचा मुलगा? त्याला आत घे पोरी. आजच्या दिवशी कुणाला बाहेर ठेवत नाहीत."

"तुमचाच आहे," एवढं मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. ते त्याने सांगायचं होतं.