मैदानाकडे पाठ

मासळीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या माकाबेनं तेवीस वर्षांत आपल्या फुटबॉल संघाचा एकही गोल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नव्हता. पहिल्या रांगेपुढे मासळीच्या पालथ्या खोक्यावर उभं राहायचं, मैदानाकडे पाठ करायची आणि आमच्याकडे तोंड करून घोषणा द्यायच्या, हे त्याचं काम. घोषणा देणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही.

खेळ तो माझ्या तोंडावर बघायचा. मी ओगाता फुमिए, त्याच बाजारात बर्फ फोडते, आणि माझी जागा बरोबर त्याच्यासमोर. गोल बसला की मी आधी नाक मुरडते म्हणे, मग ओरडते.

गेल्या हंगामात आमचा संघ पहिल्यांदाच चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला, आणि चार दिवस आधी क्लबच्या ऑफिसातून माकाबेला पत्र आलं. घोषणा आता भोंग्यावरून होतील, टीव्हीवर ते बरं दिसतं. आपल्या सेवेचा मान म्हणून पाहुण्यांच्या रांगेत गादीची खुर्ची राखून ठेवली आहे. मान म्हणे. म्हातारा बैल विकताना त्याच्या शिंगांना रंग लावतात, तसा मान.

"तुम्ही जाणार?" मी विचारलं.

"संघ खेळतोय. न जाऊन कसं चालेल?"

गेला. टोकियोच्या त्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये पहिला अर्धा वेळ त्या खुर्चीनं गिळल्यासारखा बसला. भोंगा बोंबलत होता आणि आमचे नऊ हजार लोक मख्खासारखे टाळ्या वाजवत होते. आम्ही एका गोलनं मागे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मध्यंतरात माकाबे जिना उतरून आला. खोकं मी पिशवीत घालून आणलंच होतं, ते पुढे सरकवलं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला ऑफिसचा माणूस धावत आला आणि कमरेत वाकला. "माफ करा, पण इथं उभं राहायला बंदी आहे."

"माशाचा भाव बोलायचा तर मासा बघावा लागतो," माकाबे म्हणाला. "तुमच्या भोंग्यानं यातल्या एकाचं तरी तोंड पाहिलंय का? व्हा बाजूला."

माणूस वाकलेलाच राहिला आणि माकाबे खोक्यावर चढला. मग काय सांगू. भोंगा कुणाला ऐकूच येईना. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी झाली, माझं नाक मुरडलेलं बघून त्यानं मूठ आवळली.

जादा वेळही तसाच सरला आणि पेनल्टीवर आलं. त्यांची पाचवी हुकली. आता आमचा कर्णधार हिदाका मारणार, बसली तर चषक आमचा. माकाबे टक लावून माझ्याकडे बघत होता, आणि मी डोळे गच्च मिटून घेतले.

उघडले तेव्हा सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. माकाबे तसाच उभा, लालबुंद.

"जिंकलो," मी म्हटलं.

"मला कान आहेत. चेंडू कुठून गेला?"

मी खोक्याच्या पिशवीची घडी घालायला लागले.

"तुला एवढं एकच काम होतं, फुमिए."

मीही भडकले. "एकदा मागे वळून बघितलं असतं तर मान मोडली असती का तुमची?"

तो खोक्यावरून उतरला. आपापल्या पिशव्या घेऊन आम्ही नेहमीसारखा रांगेतला कचरा उचलला, तोही दोन टोकांकडून.

आठवड्यानं दुसरं पत्र आलं. नियम मोडल्याबद्दल माकाबेला वर्षभर प्रवेश बंद. ज्या ऑफिसनं हे लिहिलं, त्याच ऑफिसात काचेच्या कपाटात चषक ठेवलाय आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लागते. थू त्यांच्या जिंदगानीवर.

मार्चमध्ये नव्या हंगामाचा पहिला सामना होता. माझ्याकडे तिकीट होतं. मागच्या फाटकाशी माकाबे दिसला, खोक्यावर, फाटकाकडे पाठ करून. गजांतून मैदानाचा पट्टा दिसत होता, एका गोलखांबासकट. मी तिकीट खिशात कोंबलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

आत भोंगा सुरू झाला. माकाबेनं छातीत श्वास भरून घेतला.

"डोळे मिटलेस तर बघ," तो म्हणाला.