केळीवाल्या बाई आणि भुयारी मार्गाचा इतिहास

आमच्या स्थानकाच्या भुयारी मार्गाच्या तोंडाशी नंदाखाल गावच्या एक बाई केळी विकत बसतात. गिऱ्हाईक घड चाचपू लागले की त्या आधी हात पुसायला त्याच्या हातावर ओला फडका ठेवतात. मार्ग बंद करण्याची नोटीस लागली, तेव्हा जागा जाईल या धास्तीने त्या माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलाशी आल्या. अर्जलेखनात या भागात माझा शब्द प्रमाण मानला जातो. मी अर्जात सदर मार्गाचा इतिहास थेट पोर्तुगीज अमलापर्यंत नेऊन त्यांना वाचून दाखवला.

"एवढा जुना नका लिवू, भाऊ," त्या म्हणाल्या. "जुना म्हटला का धोकादायक बोलून पाडतात. लिवा, उद्घाटन बाकी हाय."

"बाई, लोक वर्षानुवर्षे त्यातून ये-जा करीत आहेत."

"लोक जातात. पन साहेब कोन आलाय?"

मी जड अंतःकरणाने पोर्तुगीज खोडले. इतिहासापेक्षा प्रलंबित काम अधिक टिकाऊ असते, हे मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात आढळले नव्हते. अर्ज पोहोचताच नोटीस उतरवण्यात आली. उद्घाटनास कोणाला बोलवावे यावर वरिष्ठांचे अद्याप एकमत झालेले नाही, आणि बाई निवांत केळी विकत आहेत.