चिंचेतलं काडतूस

आमच्या घरात शेवटचं एकच काडतूस उरलं होतं. बावीस हॉर्नेट. करंगळीएवढं, पितळेचं, मुळात शिकारीसाठी बनवलेलं. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी, हे मला ब्रह्मपुरीला कॉलेजात गेल्यावर कळलं. घरी येऊन सांगितलं तेव्हापासून बाबा त्याला ‘माशी’च म्हणायला लागले. आजोबांची रायफल पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बाबांकडे आली होती, पण त्यांनी तिच्यानं डुक्कर सोडा, ससाही मारला नाही. धान निसवलं की ते मचाणावर बसत, हवेत बार काढत आणि रानडुकरं पळाली की घरी येऊन मोठ्या शिकाऱ्याच्या थाटात जेवत. पुढे नागपूरच्या दुकानात या मापाची काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हा शेवटची माशी हवेतही उडवायची नाही असं ठरलं.

मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ते ऑपरेशनला तयार होईनात आणि मचाणही सोडीनात. आईचा जीव टांगणीला लागला. दिवेलागणीला धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, बाया ये-जा करतात. यांना त्यातलं कोणी डुक्कर वाटलं तर? त्या दसऱ्याला देवाची भांडी घासताना तिनं काडतूसही चिंचेच्या पाण्यात टाकलं आणि दिवसभर तसंच राहू दिलं. मला म्हणाली, “मेली आतली बारूद. आता बसू दे त्याईले मचाणावर. सांगू नोको.”

थोड्या दिवसांनी बाबांनी मला बाजूला घेतलं. “तुह्या आईनं माशीले चिंचेत मारलं. मले समजलं हाये, पण तिले सांगू नोको. आता कुठी तिले झोप लागून राह्यली.”

दोघांचंही गुपित मी पोटात ठेवलं आणि गालातल्या गालात हसत राहिलो. त्यानंतरच बाबांचा खेळ सुरू झाला. आई संध्याकाळी डबा घेऊन धुऱ्यावरून आली की ते तीच माशी भरलेली रायफल तिच्यावर रोखत आणि विचारत, “कोण हाये? डुक्कर का?”

आई म्हणे, “डुकरीण. वरण-भात घेऊन आली.”

मग बाबा तोंडानंच ‘ठो’ म्हणत आणि दोघं हसत सुटत. त्यांना इतकं लाडात आलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटायचं.

यंदा परवान्याची मुदत संपत आली आणि बाबांनी स्वतःच रायफल ठाण्यात जमा करायचं ठरवलं. आईही सोबत आली. हवालदारानं काडतूस हातात घेऊन पाहिलं आणि जिवंत म्हणून बाजूला ठेवलं. आईला राहवलं नाही.

“भाऊ, मेलेलं हाये ते. मी चिंचेत भिजवलं होतं.”

हवालदार हसला. “बाई, पाण्यानं याले काई नाई होत. तोंड घट्ट बंद असते. घोडा दाबला तर आत्ता वाजन.”

बाबांनी आईकडे पाहिलं. मग बाकावर बसले ते उठेचनात.  परतताना जीपमध्ये त्यांनी आईचा हात धरून ठेवला होता, चारचौघांत, पार सावली गाव येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई डबा घेऊन निघाली, मी तिच्या मागे होतो. चाहूल लागताच बाबा मचाणावरून उतरले, चाचपडत धुऱ्यावर आले आणि तिच्या हातातला डबा घेतला.

“विचारा नं,” आई म्हणाली, “कोण हाये म्हणून.”

“नाई विचारत,” बाबा म्हणाले. “डोळ्याच्या डाक्टरकडे कधी जायचं ते सांग.”