बेलचा दिवा

राजारामपुरीतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात ते दर रविवारी यायचे. नाव कधी विचारलं नाही, मी काका म्हणायचो. हातात एक छोटा सर्किट बोर्ड आणि पायाला भिंगरी. बोर्डाची वायर कॉम्प्युटरला लावायची, लगेच काढायची, पुन्हा खोचायची, मधेच उठून येरझाऱ्या घालायच्या.

काकूंना ऐकू येईनासं झालं होतं. बेल वाजूनही दार उघडत नाही म्हणून शेजारणींनी येणंच सोडलं होतं. बेल दाबली की घरात दिवा लुकलुकावा, एवढंच काकांना करायचं होतं. पण बोर्डात प्रोग्रॅम भरायचा तर कॉम्प्युटरनं तो ओळखायला हवा, आणि तो ओळखतच नव्हता.

"तुमचा काँप्युटरच बाद हाय!" एकदा ते ओरडले.

"काका, वायर बदलून बघू."

"नवी हाय की! बोर्डावर लाईट लागतिया, दिसंना व्हय?"

आता बोर्ड आपटतात की काय, अशी मला धास्ती वाटली. मी गपचूप प्रिंटरची वायर काढून लावली. कॉम्प्युटर टिंग वाजला. त्यांच्या वायरीतून नुसती वीज जात होती, माहिती जातच नव्हती.

काका लगेच खुर्ची ओढून बोर्डात प्रोग्रॅम भरायला बसले.

पुढच्या रविवारी ते काकूंना घेऊन आले. माझ्या टेबलावर दिवा मांडला, खुणेनं समजावलं आणि बटण दाबलं. दिवा लुकलुकला. काकूंनी पदर सावरला, जाऊन दुकानाचं दार उघडलं आणि बाहेर कुणीच नसताना मोठ्यानं म्हणाल्या, "या की आत!"