पंधरावं ताट

ज्ञानदेव ओव्हाळांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातली नोकरी सोडून दौंड स्टेशनसमोर ट्रॅव्हल्सचं दुकान टाकलं, तेव्हा लोक हसले. दौंडातून परदेशात कोण जाणार? पण ज्ञानदेवांना, म्हणजे सगळ्यांच्या मामांना, माणसं ठाऊक होती. जाहिरात त्यांनी कधी दिलीच नाही. रविवारी भांडगावपासून शिरूरपर्यंतच्या बुद्धविहारांत जायचे, वंदना झाली की श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचा फोटो हातोहात फिरवायचे. "अशोकाच्या लेकीनं, संघमित्रेनं नेलेली फांदी हाय ही. अजून हिरवी हाय," एवढंच बोलायचे. मग घरोघर जाऊन पासपोर्टचे फॉर्म स्वतः भरून द्यायचे. दौंडहून चेन्नईला रेल्वे, तिथून कोलंबोला विमान, सोबत आपल्या हातचा स्वयंपाकी. अर्धा प्रवास ओळखीच्या रेल्वेनं होतोय म्हटल्यावर म्हाताऱ्यांची भीती निम्मी व्हायची.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत श्रीलंकेचा पहिला ग्रुप ठरला. विमान कंपनीची अट होती, पंधरा प्रवासी असतील तरच ग्रुपचं भाडं. चौदा जमले. पंधरावा मिळेना.

शेवटी मामा रेल्वे कॉलनीमागं राहणाऱ्या म्हस्कूआबांकडे गेले. आबा जुने गँगमन. बायको वारलेली, मुलगी भाग्यश्री कारेगावला दिलेली.

"न्हाई रं ज्ञानदेवा," आबा म्हणाले. "चढ लागला की छातीत दुखतंय. पोरीलाबी सांगितलं न्हाई मी."

"आबा, सगळं बसनंच फिरायचं. मी हाय की संगं."

ग्रुपच्या फॉर्मवर आजाराचा रकाना होता. मामांनी तिथं 'नाही' लिहिलं.

अनुराधपूरला आबा बोधिवृक्षापुढं तासभर हात जोडून बसले. दुसऱ्या दिवशी मिहिंतले, जिथं अशोकाच्या मुलानं, महेंद्रानं लंकेच्या राजाला धम्म सांगितला ती टेकडी. दगडी पायऱ्या संपता संपेनात. निम्म्यात आबा एका कठड्याला टेकून बसले.

"तुम्ही व्हा म्होरं. मी हितंच हाय."

मामांनी घड्याळ पाहिलं. दुपारचं जेवण दुसऱ्या गावात ठरलेलं होतं. "हलू नका आबा, येतोच," म्हणून ते बाकीच्यांना घेऊन वर गेले.

वर गेल्यावर वाटाड्यानं सांगितलं, की बस मागच्या रस्त्यानं वर आलीय, तिकडूनच उतरू. सगळे तिकडून उतरले. बसच्या दारात उभं राहून मामांनी डोकी मोजली. पंधरा. वाटाड्या अजून खालीच उभा होता, ड्रायव्हरला आणि स्वतःला त्यांनी धरलं नव्हतं आणि स्वयंपाकी जेवणाच्या गावात पुढं गेला होता. तरी पंधरा. बस सुटली.

जेवायला पंगत बसली आणि एक ताट तसंच राहिलं.

"हे कुणाचं?" ग्रुपमधल्या पोपटरावांनी विचारलं.

बस परत गेली. आबा त्याच पायरीवर होते. मान कलली होती. कपाळावर ओलं फडकं होतं आणि शेजारी कमळं विकणारी एक बाई बसली होती. तिची भाषा कुणाला कळेना. तिनं आबांचा हात उचलला आणि त्याच हातानं वरच्या पायऱ्यांकडे बोट करून दाखवलं. पुन्हा दाखवलं. आबा शेवटपर्यंत त्या दिशेला बघत होते, एवढं सगळ्यांना कळलं.

फोनवर भाग्यश्रीची परवानगी घेऊन तिथंच दहन झालं. दौंड स्टेशनवर अस्थी घ्यायला ती आली. प्लॅटफॉर्मवर तिनं एकच विचारलं, "मामा, जवळ कोण हुतं?"

"मी हुतो. माझ्याच मांडीवर डोकं हुतं."

मागं चौदाजण उभे होते. कुणी तोंड उघडलं नाही. बसमध्ये आबांची जागा रिकामी आहे हे त्यांच्यातल्याही कुणाला दिसलं नव्हतं.

भाग्यश्री ते ज्याला त्याला सांगत राहिली. "परमुलखात माझ्या बापाला परकं वाटलं न्हाई." ते ऐकून लोक दुकानात येऊ लागले. ज्ञानदेव माणसाला टाकत नाही, अशी ख्याती झाली. लुंबिनीचे दोन ग्रुप भरले, तेही विहारात न जाता.

पण मामांची मोजणी बिघडली. नेपाळच्या सीमेवर, सुनौलीच्या नाक्यावर यादीत एकवीस नावं, मामांच्या मोजणीत बावीस. पुन्हा मोजावं तर बावीसच. मागच्या बाजूला कुणीतरी बसलंय असं वाटायचं, तिथं जाऊन पाहावं तर पिशवी असायची. पुढं घरीही तेच. लग्नात पंगतीकडे बघत त्यांचे ओठ हलायचे.

"कुणाला मोजताय?" त्यांची बायको अंजना विचारायची.

"कुणाला न्हाई."

पावणेदोन वर्षांनी एका सकाळी भाग्यश्री दुकानात आली. पासपोर्ट टेबलावर ठेवून म्हणाली, "मला ती जागा बघायचीय. तुम्ही जिथं बसला हुता, तिथं मला बसायचंय."

मामांनी फॉर्म काढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. आजाराच्या रकान्याशी पेन थांबलं. आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. छातीतलं दुखणं, पंधराची अट, मागचा रस्ता, ताट, कमळवाली बाई.

"म्हंजी मी दोन वर्सं लोकांना खोटं सांगत फिरले," भाग्यश्री म्हणाली. पासपोर्ट उचलून पिशवीत टाकला. "येत्या पौर्णिमेला विहारात या. मी ज्यांना सांगितलं, ती समदी असतील. त्यांना आता तुम्ही सांगा."

मामा विहारात गेले. भिंतीला धरून उभे राहिले आणि काही न वगळता बोलले. मग पोपटराव उठले. "त्यांच्या शेजारची शीट माझी हुती," ते म्हणाले. "मी खिडकीतनं फोटो काढत हुतो." त्या ग्रुपमधले बाकीचे तेरा खाली बघत बसून राहिले.

भाग्यश्री बाहेर गेली, चप्पल घातली आणि कारेगावच्या गाडीला लागली. मामांच्या दुकानात ती परत कधी आली नाही.